तेविसाव्या गुरूची दक्षिणा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेची चाहूल लागली की आपल्या जत भागात घरोघरी पोथ्या बासनातून बाहेर निघतात. कुणी गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसतं, कुणी औदुंबरला किंवा नृसिंहवाडीला जाऊन येतं, पूर्व भागातली मंडळी गाणगापूरची वाट धरतात. देवळात संध्याकाळी प्रवचन असतं आणि त्यात एक विषय दरवर्षी ठरलेला असतो. अवधूताचे चोवीस गुरू.

ही यादी आपल्यातल्या बहुतेकांना पाठ आहे. पण गंमत बघा. पृथ्वी, वायू, आकाश यांच्यावर बुवा अर्धा-अर्धा तास बोलतात. पिंगलेच्या कथेला तर बायामाणसं कान टवकारून बसतात. यादीच्या शेवटाला येईपर्यंत आरतीची तबकं तयार झालेली असतात, पोरं घंटेपाशी जमलेली असतात. मग शेवटचे तीन गुरू म्हणजे सर्प, ऊर्णनाभी आणि पेशस्कृत हे पाच मिनिटांत उरकतात. ऊर्णनाभी म्हणजे कोळी, तो जाळं विणतो आणि गिळतो, तसा ईश्वर सृष्टी निर्माण करतो आणि स्वतःत सामावून घेतो, एवढं सांगून झालं की आरती सुरू.

म्हणून यंदा या तेविसाव्या गुरूंविषयी जरा सावकाश बोलावं असं मनात आलं. आणि तेही घरातल्या आढ्याला जाळं करणाऱ्या कोळ्याविषयी नव्हे. आपल्याच मुरमाड माळावर, आपल्याच पायाखाली, जमिनीत घर करून राहणारा जो कोळी आहे, त्याच्याविषयी.

आधी मूळ प्रसंग आठवू. भागवताच्या अकराव्या स्कंधात सातव्या अध्यायापासून नवव्या अध्यायापर्यंत हा संवाद आहे. श्रीकृष्ण उद्धवाला सांगताहेत आणि सांगताना आपल्या पूर्वजाची, यदुराजाची गोष्ट सांगतात. यदूला एक तरुण अवधूत भेटला. अंगावर काही नाही, जवळ काही नाही, तरी आनंदात. राजाने विचारलं, महाराज, हा आनंद तुम्हाला आला कुठून? परंपरा मानते की हे अवधूत म्हणजेच आपले दत्तप्रभू. नाथमहाराजांनी या स्कंधावर टीका लिहिली, ती पैठणला सुरू केली आणि काशीला १५७३ साली पूर्ण केली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे, दत्तभक्त. म्हणजे हा विषय आपल्याकडे किती जवळून आलेला आहे ते लक्षात घ्या.

अवधूताने राजाला काय उत्तर दिलं? त्याने कुठल्या आश्रमाचं नाव सांगितलं नाही, मठाचं सांगितलं नाही. जे जे डोळ्यांसमोर आलं ते नीट बघितलं आणि त्यातला एकेक गुण घेतला, एवढंच सांगितलं. आता विचार करा, कोळी बघायचा तर काय करावं लागेल? खाली बसावं लागेल. गप्प राहावं लागेल. घाईत असलेल्या माणसाला हा गुरू भेटत नाही.

माळावरचं झाकण

आपला जत तालुका म्हणजे अवर्षणाचा पट्टा. सह्याद्री पश्चिमेला पाऊस अडवून धरतो आणि आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं. खाली ओढ्याकाठी काळी जमीन, वर मुरमाचे माळ, त्यावर कुसळी गवत, तरवड, हिवर, खुरटी बाभळ. नव्या माणसाला हा माळ ओसाड वाटतो. पण जिथं नांगर फिरलेला नाही, पाणी साचत नाही, अशा एखाद्या बांधाच्या किंवा ओघळीच्या उताराला सकाळच्या तिरप्या उन्हात टेकून बसा. आधी काहीच दिसणार नाही. मग एखाद्या जागी मातीवर चार आण्याच्या किंवा रुपयाच्या नाण्याएवढी गोल रेघ दिसेल. ती रेघ म्हणजे दाराची फट.

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका गुरुजींनी मला पहिल्यांदा ते दाखवलं. गवताच्या काडीने त्यांनी कडेला अलगद उचलून बघितलं तर झाकण वर यायला तयार होईना. आतून कुणीतरी धरून ठेवलं होतं! ते म्हणाले, "राहू द्या, मालकीण घरात आहे." आणि काडी बाजूला ठेवली.

या कोळ्यांचं शास्त्र थोडक्यात सांगतो. कोळ्यांमध्ये एक जुनी शाखा आहे. त्यांचे विषदंत आपल्या घरातल्या कोळ्यासारखे चिमट्याने एकमेकांसमोर मिटत नाहीत, कुदळीसारखे वरून खाली येतात. श्वासासाठी त्यांना पानांच्या वहीसारख्या फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात. बहुतेक सगळे जमिनीत राहतात आणि मोठमोठे केसाळ कोळी याच शाखेतले. यातल्या एका कुळातले कोळी बिळाला झाकण करतात. त्यांच्या जबड्यापाशी राठ काट्यांची रांग असते, ती मातीत फावड्यासारखी चालते. बीळ खणून झालं की आतून रेशमाचं अस्तर लावायचं, म्हणजे माती ढासळत नाही. मग माती आणि रेशीम यांचे थर देऊन झाकण करायचं आणि एका बाजूला रेशमाचीच बिजागरी ठेवायची. वरून त्यावर आजूबाजूचीच माती, शेवाळ, काडीकचरा. बाहेरून बघणाऱ्याला दार आणि जमीन यात फरक कळत नाही.

दिवसा दार बंद. रात्री मादी दार बोटभर उचलून उंबऱ्याशी बसते. शिकारीच्या मागे ती धावत नाही. मुंगळा, भुंगा जवळून गेला की त्याच्या पायांची थरथर तिला जमिनीतून कळते. टप्प्यात आला तर झडप, नाही आला तर दुसऱ्या रात्री परत बसायचं. उन्हाळ्यात वर माळ तापून भाकरीच्या तव्यासारखा होतो, तेव्हा खाली बिळात गारवा आणि ओल टिकून असते.

आपला जुना सातारा-सांगली मुलूख या कोळ्यांच्या अभ्यासात अनोळखी नाही. ग्रेव्हली नावाच्या शास्त्रज्ञांनी १९१५ साली जमिनीवरच्या अशाच एका कोळ्याच्या जातीला साताऱ्याच्याच नावावरून नाव दिलं. साताऱ्याजवळचं कास पठार आपल्याला फुलांमुळे माहीत आहे. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात कासही आहे. त्याच २०१२ साली झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाकणाचं बीळ करणाऱ्या एका नव्या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिला नाव दिलं इडिओप्स कासेन्सिस. म्हणजे कासचा इडिओप्स. हजारो माणसं फुलं बघायला जातात, आणि पायाखाली दार लावून कुणीतरी बसलेलं असतं. माणसाची नजर फुलावर असते, अवधूताची मातीवरही होती.

सर्प, कोळी आणि गृहस्थ

आता गुरूंकडे वळू. एक शंका इथं येते आणि ती खरी आहे. कोळी हा शिकारी. दबा धरून जीव घेतो. तो गुरू कसा होईल?

याचं उत्तर अवधूताच्या यादीतच आहे. त्याने पूर्ण प्राणी गुरू केला नाही, त्याच्यातला एक धडा घेतला. अजगराकडून मिळेल त्यात समाधान घेतलं, अजगरासारखं गिळायला शिकला नाही. कबुतराकडून, हत्तीकडून, माशाकडून तर काय करू नये हे शिकला. मधमाशीकडून थोडंथोडं गोळा करायला शिकला आणि साठवू नये हेही तिच्याकडूनच शिकला. गुरू निवडताना माणसाच्या अंगी विवेक हवा, तो असा.

यादीचा क्रमही बघा. बाविसावा गुरू सर्प. साप स्वतः घर बांधत नाही, दुसऱ्याच्या बिळात राहतो. मुनीने तसं राहावं, एकटं, गाजावाजा न करता, घराच्या खटाटोपात न पडता, असं अवधूत सांगतो. हा धडा संन्याशाला. आपण पडलो संसारी. घर बांधलं, मुलं वाढवली, कर्जाचे हप्ते भरले. सापाचा मार्ग आपल्याला झेपणारा नाही. मग पुढच्याच क्रमांकाला कोळी येतो. तो घर बांधतो, तेही स्वतःच्या अंगातून काढलेल्या धाग्यानं.

भागवतातला दृष्टान्त ईश्वरासाठी आहे, हे विसरून चालणार नाही. कोळी आपल्यातूनच धागा काढतो, त्यात खेळतो आणि परत आत घेतो. तसाच ईश्वर. बाहेरून माती आणून कुंभार मडकं करतो तसं त्याचं नाही. करणारा तोच आणि ज्यापासून केलं तेही तोच. मुंडक उपनिषदातही हाच कोळी आहे आणि तिथं त्याच्या शेजारी जमिनीतून उगवणाऱ्या वनस्पतींचा दाखला आहे. माती आणि कोळी शेजारी शेजारी! माळावरच्या झाकणाकडे बघताना मला हे फार पटलं. त्या झाकणात अर्धी माती आहे, अर्धा कोळ्याच्या अंगचा धागा. पहिला गुरू पृथ्वी आणि तेविसावा गुरू ऊर्णनाभी, दोघे मिळून एक दार झालेलं आहे.

आता गृहस्थाने यातून काय घ्यावं? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली, अंगाएवढं घर. या कोळ्याचं पिल्लू आईच्या बिळातून निघालं की फार लांब जात नाही. जवळपासच्या मातीत आपलं इवलंसं बीळ करतं, त्याला इवलंसं झाकण. अंग वाढेल तसं तेच बीळ थोडं रुंद करायचं, झाकणाला कडेने एक थर द्यायचा. जेवढं अंग तेवढं दार. आपण काय करतो? घरात दोन म्हातारी माणसं आणि वर तीन मजले. खोल्या झाडायला माणूस मिळत नाही म्हणून पुन्हा तक्रार. मुलांनी पुण्यात, हैदराबादेत घरं केली आहेत हे माहीत असूनही आपण स्लॅब टाकत राहतो.

दुसरी, दाराची कडी आतून. घर कितीही चांगलं असलं तरी सगळं संरक्षण त्या दारावर. मादी पायांनी आणि दातांनी झाकण आतून खाली ओढून धरते. आपल्या देहाला नऊ दारं सांगितली आहेत. डोळे, कान, जीभ यांची कडी आपण बाहेर ठेवली आहे, ज्याला वाटेल तो येऊन उघडतो. सकाळी उठल्यापासून हातातला मोबाईल दार वाजवत असतो. दार कायमचं बंद करा असं हा गुरू सांगत नाही. तीही रात्री दार उघडतेच, नाहीतर उपाशी मरेल. कधी उघडायचं आणि किती उघडायचं हे तिच्या हातात आहे, एवढंच.

तिसरी, एका जागी बसणं. याबद्दल एक खरी हकीकत सांगतो.

सोळा नंबरची मादी

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात गव्हाचा मोठा पट्टा आहे. तिथली जुनी झाडी काढून मैलोन् मैल शेती झाली, अधूनमधून राखीव तुकडे तेवढे राहिले. अशाच एका तुकड्यात बार्बरा यॉर्क मेन या बाईंनी १९७४ साली झाकणवाल्या कोळ्यांच्या बिळांना नंबर देऊन अभ्यास सुरू केला. वर्षामागून वर्षं त्या जात राहिल्या. कुठलं बीळ चालू, कुठलं मोडलं, कुठं नवं झालं, सगळी नोंद. ज्यांनी आयुष्यभर लेजर सांभाळली त्यांना कळेल, अशी नोंद ठेवायला काय चिकाटी लागते.

त्यांतल्या सोळा नंबरच्या बिळातली मादी त्याच बिळात राहिली. एक पिढी अभ्यासकांची म्हातारी झाली, पुढची आली, तरी ती तिथंच. २०१६ साली बघायला गेले तर झाकणाला भोक पडलेलं आणि बीळ रिकामं. वय धरलं गेलं ४३ वर्षं. जगात माहीत असलेल्या कोळ्यांत एवढं आयुष्य आधी कुणाचं नोंदलेलं नव्हतं. ती म्हातारपणानेही गेली नव्हती. परोपजीवी गांधीलमाशीने तिला गाठलं असावं असा निष्कर्ष निघाला.

भाविक हो, इथं मी थांबलो. कारण यादीतला चोविसावा आणि शेवटचा गुरू कोण? पेशस्कृत. आपण त्याला कुंभारमाशी म्हणतो, तीच गांधीलमाशीच्या गोतातली, भिंतीला मातीचं घर करणारी. ती किडा आणून घरात कोंडते आणि तो किडा तिचंच ध्यान करत करत तिच्यासारखा होतो, असा अवधूताचा दाखला आहे. आजचं शास्त्र सांगतं की यातल्या पुष्कळ माश्या कोळ्यांनाच नांगी मारून निपचित करतात, घरात कोंडतात, वर अंडं घालतात, आणि पुढे बाहेर पडते ती माशी. दृष्टान्ताचा अर्थ ध्यानाचा आहे, त्याला शास्त्राच्या दाखल्याची गरज नाही. पण तेविसाव्यामागे चोविसावा उभा आहे हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. ४३ वर्षं सांभाळलेल्या दारालाही एक दिवस भोक पडतं. घर बांधावं, दार सांभाळावं, आणि ते दार कायमचं आपलं नाही हेही जाणून असावं. चोवीस गुरू सांगून झाल्यावर अवधूत आपल्या देहालाही गुरू म्हणतो, तो याचसाठी. हा देह शेवटी दुसऱ्यांचाच आहे, हे तो देह स्वतःच शिकवतो.

एवढी वर्षं ती जगली, त्याला कारण फक्त तिचा चिवटपणा नव्हता. चहूकडे नांगर फिरला तरी तेवढा एक तुकडा माणसांनी तसाच ठेवला होता. हे कारण माणसांच्या हातातलं होतं.

दक्षिणा

गुरू म्हटला की दक्षिणा आली. कोळ्याला काय द्यायचं? फुलं, पेढे, अकरा रुपये त्याच्या काय कामाचे? त्याला हवी आहे न हललेली माती. बस्स.

हे सहज द्यावं इतकं सोपं वाटतं, पण आज तेच महाग झालं आहे. म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी आपल्या तालुक्यात जिथवर आलं तिथं माणसांचे दिवस पालटले. टँकरची वाट बघत ज्यांनी रात्री काढल्या त्यांना या पाण्याचं मोल सांगायला नको. ती दत्तकृपाच. द्राक्ष-डाळिंबाच्या बागा झाल्या, माळ सपाट झाले, जेसीबी फिरला. पोटासाठी जमीन करणं हा शेतकऱ्याचा धर्म आहे, त्याला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण या कोळ्याचं असं आहे की त्याची पिल्लं लांब जात नाहीत. चिमणी उडून दुसऱ्या गावाला जाईल, मुंगूस पळून जाईल. हा एक उतार उकरला की तिथली सगळी भावकी एका दिवसात जाते आणि शेजारच्या माळावरून परत कुणी सहजी येत नाही. वाढायला वर्षं, मोडायला एक बकेट.

शेतात सगळं सोडा असं कोण म्हणेल? पण बांध तर आहे ना? एखादा जुना ताल, ओघळीचा उतार, हिवराच्या बुंध्याभोवतीची जागा, जिथं तसंही काही पिकत नाही, ती तेवढी उकरायची नाही. पेटवायची नाही, औषध मारायचं नाही. त्या कोळ्याला आपण काहीच द्यायचं नाही, फक्त घ्यायचं नाही.

आता जवळचं बोलतो. आपल्या मंदिरामागे औदुंबरापासून ओढ्याकडे जी उतरण आहे, ती सपाट करून तिथं पेव्हर ब्लॉक बसवावेत असा विषय उत्सवानंतरच्या कामांत आहे. त्यामागची अडचण खरी आहे. पावसात मुरूम निसटतो, वयस्क माणसं घसरतात, पौर्णिमेला गाड्या लावायला जागा नसते. हे कुणी नाकारू नये. पण त्याच उतरणीत, औदुंबराच्या मुळांच्या खालच्या अंगाला, या तेविसाव्या गुरूंची दहा-बारा दारं आहेत. मी वर सांगितलं ते झाकण इथलंच.

माझी विनंती एवढीच आहे. चालायला चार फुटांची फरसबंद वाट करावी, तिला एका बाजूने हाताला धरायला कठडा लावावा. गाड्या समोरच्या मोकळ्या जागेत लागाव्यात. आणि औदुंबराखालचा तेवढा उतार जसा आहे तसा राहू द्यावा. औदुंबरालाही त्याचा फायदाच आहे, मुळांना पाणी आणि हवा मिळेल. बुंध्याभोवती काँक्रीटचा पार बांधून नंतर झाड का वाळलं म्हणून विचारणारी गावं आपण बघितली आहेत. देवाच्या दारी सगळ्यांना जागा, असं आपण पंगतीला म्हणतो. हा पंगतीलाही येत नाही, स्वतःचं स्वतः बघतो.

भीतीविषयी दोन शब्द

वाचणाऱ्यांपैकी काहीजण म्हणतील, देवळामागे विषारी कोळी ठेवायचे? तर भिण्याचं कारण नाही. झाकणवाला कोळी माणसाच्या वाटेला जात नाही, चाहूल लागली की दार ओढून घेतो. मुलांनी बिळात बोट घालू नये, काडी खुपसू नये, एवढी शिस्त पुरे. पहिल्या पावसानंतर कधी कधी एखादा काळपट कोळी अंगणात फिरताना दिसतो. तो बहुधा नर असतो. वयात आला की तो बीळ सोडून मादीच्या शोधात निघतो आणि त्यानंतर त्याचं आयुष्य थोडंच उरतं. त्याच्यावर चप्पल उगारण्याऐवजी वर वाटी पालथी घाला, खालून पोस्टकार्ड सरकवा आणि बांधावर नेऊन सोडा. वाटसरूला वाट दाखवल्याचं पुण्य लागेल.

आणखी एक. अंगावर एका बाजूने आग होऊन फोडांचा पट्टा उठला की आपल्याकडे "कोळी मुतला" म्हणतात आणि झाडपाला लावत बसतात. त्या दुखण्याला नागीण म्हणतात. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू अंगात झोपून राहतो, तो उतारवयात जागा होतो. बिचाऱ्या कोळ्याचा त्यात काही दोष नाही. आपल्या वयाच्या माणसांनी हे जरूर लक्षात ठेवावं. पट्टा दिसला की पहिल्या दोन-तीन दिवसांतच डॉक्टर गाठावा, डोळ्याजवळ उठला तर त्याच दिवशी. वेळेत औषध मिळालं तर पुढचा महिनोन् महिन्यांचा ठणका टळू शकतो.

आपल्या पूर्व भागात कन्नड बोलणारी भावंडं कोळ्याला 'जेड' म्हणतात, आणि विणकरालाही तोच शब्द. शिवशरणांतले जेडर दासिमय्या विणकरच होते. हातमागावर बसून त्यांनी देव गाठला. म्हणजे आपल्या या दुभाषी मातीत कोळी आणि विणकर एका नावाने नांदतात. कुणाच्या कामाला हलकं म्हणायचं नाही हा त्याचा अर्थ मी घेतो.

गुरुमाउली पादुकांत आहे, पोथीत आहे, औदुंबरात आहे, यावर आपला विश्वास आहे. अवधूताचं म्हणणं मानलं तर ती त्या झाकणाखालीही आहे. या पौर्णिमेला जन्मकाळ झाला, सुंठवडा घेतला की औदुंबराला प्रदक्षिणा घालताना पाऊल थोडं बेतानं टाकू या. पाठीमागच्या अंगाला जरा वळसा घालून जावं लागेल. तो वळसा हीच तेविसाव्या गुरूची दक्षिणा.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!